पिस्ता परवडला न्हाई व्हय?

दिवाळीत यंदा आमच्याकडे दोन बकलावे होते. एक पुण्याहून भेट म्हणून आलेला. सोनेरी डबा, आत प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदी वाटीत, वर हिरवागार चुरा. दुसरा मी इथे कळंब्यात, आमच्या स्वयंपाकघरात केलेला. स्टीलच्या डब्यात, रंगाने जरा काळपट, आत भाजलेले शेंगदाणे आणि तीळ, वरून काकवीचा पाक.

फराळाला आलेल्या मंडळींनी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सोनेरी डबा हातोहात फिरला. माझ्या डब्यातला एक तुकडा आत्तींनी उचलला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "शेंगदाणं घातलंस व्हय ह्यात? पिस्ता परवडला न्हाई व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून काही जाईना. पंधरा दिवस झाले, तरी भांडी घासताना, भाजी निवडताना मी मनातल्या मनात आत्तींना उत्तरं देतेय. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. (आत्ती, वाचत असाल तर राग मानू नका. तुमचीच बाजू घेणार आहे शेवटी. थोडी.)

पहिली गोष्ट. पिस्ता परवडला नाही हे खरंच आहे. पण परवडला असता तरी मी घातला नसता.

आपल्याला वाटतं की बकलावा म्हणजे पिस्ता. तसं नाही हो. पिस्ता हा तुर्कस्तानातल्या गाझियान्तेप शहराचा बकलावा. तिथे आजूबाजूला पिस्त्याच्याच बागा, म्हणून पिस्ता. तो हिरवागार दिसतो कारण पूर्ण पिकायच्या आधीच, कोवळा असताना तोडतात. २०१३ मध्ये युरोपीय संघाने ह्या बकलाव्याला भौगोलिक मानांकन दिलं. म्हणजे अन्तेपचा बकलावा म्हणायचं तर तो तिथल्याच पद्धतीने व्हायला हवा. बरोबरच आहे. पण त्याच तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठाला गेलात तर बकलाव्यात हेझलनट, कारण तिथे त्याचीच झाडं. ग्रीसमध्ये आणि इतरही कितीतरी ठिकाणी अक्रोड. बाकूला नवरोजच्या सणाला शंकरपाळ्याच्या आकाराचा बकलावा करतात, त्यात अक्रोड नाहीतर बदाम आणि वर केशर. इराणात यझ्द गावचा बकलावा बदामाचा, आणि त्यात चक्क आपला वेलदोडा!

म्हणजे जिथे जे पिकतं ते पापुद्र्यांच्या मध्ये जातं. हाच तर मूळ नियम आहे. आता मला सांगा, ह्या नियमाप्रमाणे करवीर तालुक्यातल्या बाईने काय घालायचं? पिस्ता की शेंगदाणा?

आपल्याकडे शेंगदाणा कुठे नाही? खर्ड्यात आहे, भडंगात आहे, वांग्याच्या भाजीत कूट म्हणून आहे, उपासाच्या आमटीत आहे, भाकरीबरोबरच्या चटणीत आहे. सगळीकडे चालतो. फक्त पाहुण्यांसमोर ठेवायच्या गोडात चालत नाही. संक्रांतीला चिक्की, लाडू चालतात, पण ते 'घरचं'. शेंगदाण्याला आपण 'गरिबांचे बदाम' म्हणतो आणि आपल्याला वाटतं आपण त्याचं कौतुक करतोय. खरं तर त्याला दारातच उभं केलेलं असतं.

आणि ह्यातली मोठी गंमत सांगू? शेंगदाण्याला हिरवा रंग फासून, काप करून, पिस्ता म्हणून विकल्याची प्रकरणं ह्याच महाराष्ट्रात पकडली गेली आहेत. म्हणजे हिरवा रंग लावून आला की तोच शेंगदाणा मिठाईवर बसतो, आपण भाव देऊन घेतो, 'वा, काय भरपूर पिस्ता आहे' म्हणतो. आणि स्वतःच्या रंगात आला की 'परवडला न्हाई व्हय?' मग आपण खातो काय? चव की रंग?

(पुण्याच्या डब्यातला पिस्ता खरा असेलही. मी कुणावर आळ घेत नाही. मला त्याची चव काही कळली नाही एवढंच. साखरच फार होती.)

आता दुसऱ्या बाजूचे लोक. हे शुद्धतावाले नव्हेत, हे 'ट्विस्ट'वाले. बकलाव्यात चॉकलेट, बकलाव्यात पान, बकलाव्यात गुलकंद, वर चांदीचा वर्ख. मी ह्यांच्याही विरुद्ध आहे, आणि ते जास्त ठासून सांगायला हवं, कारण माझ्या शेंगदाण्याला लोक ह्यांच्याच रांगेत बसवतात. वरून काहीतरी भुरभुरलं की ट्विस्ट होत नाही. आत तेच साखरपाणी, तेच पापुद्रे, फक्त वर वेगळी टोपी. उद्या टोपी काढून दुसरी घालतील. पदार्थाला त्याचा पत्ताही लागत नाही. माझं म्हणणं असं की बदल करायचाच तर तो पदार्थाच्या पोटात शिरला पाहिजे. त्याने पदार्थाचा हिशोब बदलला पाहिजे, आणि मग करणाऱ्याला बाकी सगळं नव्याने जुळवायला लावलं पाहिजे. तसा त्रास झाला नाही तर समजावं की आपण नुसती सजावट केली.

मला काकवीने तसा त्रास दिला.

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते. उसाचा रस काहिलीत कढत ठेवतात, रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. रस आटत आटत गुळाच्या पाकाला यायच्या जरा आधी जो दाट, तांबूस पातळ ऐवज असतो तो म्हणजे काकवी. आमच्याकडे थंडीत भाकरीबरोबर, चपातीबरोबर खातात. दिवाळीपासून पुढे कळंब्याच्या पलीकडे गारगोटी रस्त्याला लागलं की कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास येतोच. तो वास नाकात घेऊन घरी यायचं आणि बकलाव्यावर घालायला साखरेचा पाक करायचा, हे मला तरी जमेना.

तर पहिल्या खेपेला मी नुसती काकवी घातली. थोडं पाणी घालून उकळली, गार केली आणि गरम बकलाव्यावर ओतली. चर्र आवाज मस्त आला. त्या संध्याकाळी खाल्ला तर अप्रतिम. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पावसात भिजलेली वही! पापुद्रे एकमेकांना चिकटलेले, चामट.

कारण नंतर कळलं. तुर्की लोक साखरेच्या पाकात लिंबू पिळतात. उकळताना त्या आंबटपणाने थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, त्यामुळे पाकाची पुन्हा साखर बनत नाही. काकवीत हे काम काहिलीतच झालेलं असतं, तिला लिंबाची गरजच नाही. पण ह्याच दोन साखरा हवेतलं पाणी ओढून घेतात. काकवी आपली बसल्या जागी पाणी पिते आणि पापुद्र्यांना पाजते. म्हणजे जो गुण तोच दोष. तेव्हा गुळाचा एवढा अभिमान सांगणाऱ्या मला शेवटी पाकात साखर घालावी लागली. लाज वाटली, पण घातली. अभिमानाने पापुद्रा कुरकुरीत होत नाही.

पापुद्र्यांचं मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. लोक म्हणतात, 'फिलो मिळत नाही, म्हणून आपल्याकडे बकलावा घरी होत नाही.' अहो, तुर्की घरांमधून बायका करतात तो बकलावा असा: पिठाच्या छोट्या गोळ्या, त्यांच्या बशीएवढ्या पुऱ्या, मध्ये भरपूर कोरडा स्टार्च, दहा पुऱ्या एकावर एक, आणि मग सगळी चळत एकदम पातळ लाटायची. हे वाचून काही आठवलं का? चिरोटे! आपण मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा फेसलेला साटा लावतो, गुंडाळी करतो, कापतो, लाटतो आणि तळतो. ते मध्ये कोरडा स्टार्च लावतात, तूप नंतर वरून ओततात आणि भाजतात. आणि ते तूपसुद्धा साधं लोणी नव्हे, कढवलेलं, म्हणजे आपलं साजूक तूपच. ज्या घरात चिरोटे होतात त्या घरातल्या बाईच्या हातात बकलाव्याचं निम्मं कसब आहेच. पण चिरोट्याला आपण म्हणतो, 'कोण एवढा खटाटोप करणार, आणि तेलकट किती!' आणि त्याच्या लांबच्या भावाला सोनेरी डब्यात बघून म्हणतो, 'काय फ्लेकी आहे ना!' असो.

आता कुणी विचारेल, मग ह्याला बकलावा म्हणता कशाला? कोल्हापुरी चिरोटा म्हणा की. नाही म्हणणार. कोरड्या स्टार्चने पापुद्रे सुटे ठेवायचे, भाजायच्या आधी कापायचं, तूप कापांमधून ओतायचं, आणि गरम-गार जोडी जमवून पाक मुरवायचा ही सगळी अक्कल त्यांची आहे. मी ती घेतली, तर नाव त्यांचंच ठेवणार. दुसऱ्याचं तंत्र घेऊन आपलं नाव लावणं हा काही अभिमान नव्हे. नावावरून भांडायचं तर ते लोकच पुरेसे भांडतात. २००६ मध्ये युरोपच्या एका कार्यक्रमात बकलावा सायप्रसचा म्हणून छापला गेला, तर तुर्कस्तानातले बकलावेवाले निषेध करायला रस्त्यावर उतरले होते. त्यात कळंब्याने तरी आपला झेंडा घेऊन पडू नये :)

आणि 'हे आपलं नव्हे' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की शेंगदाणाही आपला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही तिकडचीच. मग तांबड्या रश्श्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

पण खरं दुखणं पुढे आहे. रंगाच्या ह्या वेडाने नुसता बकलावा बिघडत नाही, गूळही बिघडला आहे.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे जी पाटी अन्तेपच्या बकलाव्याला तिकडे मिळाली, तशीच आपल्या गुळाला आपल्या देशात, एका वर्षाच्या अंतराने. पण दुकानात आपण काय मागतो? 'पिवळा द्या हो, काळा नको.' शुद्ध गूळ ऊस आणि माती जशी असेल तसा होतो. तांबूस, तपकिरी, कधी काळपटही. तो एकसारखा पिवळाधमक हवा म्हणून काहिलीत हायड्रॉसची पावडर पडते. गुऱ्हाळवाल्याला हौस असते म्हणून पडत नाही. सौद्यात रंग बघून दर ठरतो म्हणून पडते. व्यापारी रंग बघतो कारण गिऱ्हाईक रंग बघतं. आणि गिऱ्हाईक म्हणजे कोण? तुम्ही आणि मी. वर आपणच गुऱ्हाळवाल्याच्या नावाने बोटं मोडायला मोकळे. आता तोच काळपट गूळ 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावून, छान पुड्यात घालून, दुप्पट भावाने आला की मात्र आपल्याला आवडायला लागतो. शेंगदाण्याला हिरवा रंग, गुळाला चिठ्ठी. गोष्ट एकच.

गुऱ्हाळं वर्षागणिक कमी होत चालली आहेत. ऊस कारखान्याला घालणं सोपं, गुऱ्हाळाला माणसं मिळत नाहीत, आणि काहिलीवर उभं राहून नुसत्या बुडबुड्यावरून पाक ओळखणारा गुळव्या तयार व्हायला कितीतरी हंगाम जातात. आत्तींच्या सासरी गुऱ्हाळ होतं. ते बंद पडून आता बरीच वर्षं झाली.

आणि आता त्या दिवशीचं उरलेलं. 'परवडला न्हाई व्हय' म्हणून झाल्यावर मी म्हटलं, "आत्ती, खाऊन तरी बघा की." त्यांनी खाल्ला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काकवी कुठली आणलीस?" मी सांगितलं. तर म्हणाल्या, "लवकर काढलीया. अजून एक कढ पायजे हुता तिला." आणि बरणी मागवली, चमच्याने काकवी वर उचलली, धार कशी तुटते ते मला दाखवलं. धार तुटताना थेंब मागे ओढला जायला हवा, म्हणाल्या. माझ्या बरणीतल्या काकवीचा तो जात नव्हता.

मी ग्लुकोज-फ्रुक्टोज वाचत बसले होते, आणि निम्मं दुखणं असं होतं की काकवीच पातळ होती! नंतर मी पाक आत्तींनी दाखवलेली धार येईपर्यंत आटवला. साखर निम्म्याने कमी लागली, आणि बकलावा चार दिवस कुरकुरीत राहिला.

माझा राग आहे तो ह्याच्यावर. जी बाई चमच्यावरच्या धारेवरून काहिलीतला कढ सांगते, तिलाच त्या काकवीचा पदार्थ पाहुण्यांसमोर ठेवायची लाज वाटते. हे तिला कुणी शिकवलं? एकटं दुकानांनी नाही. आपण शिकवलं, दर दिवाळीला सोनेरी डबा मधोमध आणि स्टीलचा डबा कडेला ठेवून.

तेव्हा नुसती भाषणबाजी नको, कृती देते. मैदा ४०० ग्रॅम, दोन चमचे दही, दोन चमचे तूप, चिमूट मीठ, लागेल तसं पाणी. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. ३० गोळ्या करा. बशीएवढ्या पुऱ्या लाटून, मध्ये सढळ हाताने कॉर्नफ्लोअर लावून दहा-दहाच्या तीन चळती करा आणि प्रत्येक चळत साधारण २५ सेंटिमीटरच्या ट्रेएवढी लाटा. शेंगदाणे २५० ग्रॅम खरपूस भाजून, सालं काढून, जाडसर कुटा. बारीक कूट नको, तेल सुटून लगदा होतो. त्यात ५० ग्रॅम भाजलेले तीळ, थोडी सुंठ, जायफळ. तिळाचा किंचित कडवटपणा हवाच, तो काकवीचा गोडपणा आवरतो. चळत, सारण, चळत, सारण, चळत असं लावा. सुरीने तळापर्यंत कापा. २०० ग्रॅम साजूक तूप पातळ करून कापांमधून ओता. ओव्हनमध्ये १६० अंशांवर ५० मिनिटं, वरचा रंग सोनेरी होईपर्यंत. पाकाला काकवी ४०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, पाणी अर्धा कप. आटवा, धार बघा, पूर्ण गार करा, आणि ट्रे बाहेर काढल्या काढल्या ओता. मग झाकू नका, नाहीतर वाफेने मऊ पडतो. पाच-सहा तास हात लावू नका. (हे सगळ्यात अवघड आहे.)

संक्रांतीला पुन्हा करणार आहे. काकवी आणायला ह्या वेळी आत्तींना बरोबर नेणार आहे. त्या म्हणाल्यात येते म्हणून. वर हेही म्हणाल्यात की वरच्या बाजूला तरी चार पिस्ते लाव, बरं दिसतं.

लावणार नाही.